अनुभव धागा: घरातला कचरा तुम्ही कसा कमी केलात?

माडाखालची:
काल शेजारच्या परसात पातेरा, म्हणजे वाळका पाला, पेटवला होता, त्यात वेफर्सची पाकिटं आणि दुधाच्या पिशव्या. त्या वासाने आजीचं खळं आठवलं. तिच्याकडे कचऱ्याचा डबाच नव्हता. झावळी वाळली की हीर काढून खराटा, उरलेलं चुलीत. करवंट्या बंबाखाली, राख भांड्यांना, मासे धुतलेलं पाणी माडाच्या आळ्यात. आता चूल गेली, बंब गेला आणि पाकिटं आली. पातेरा कुजवला तर सोन्यासारखं खत होतं. प्लॅस्टिकसकट जाळला तर तोच विषारी धूर आपल्या पोरांच्या छातीत जातो. तुमच्याकडे काय जमलं ते लिहा, छोटी गोष्टही चालेल.

आमराई:
आंब्याच्या पेट्यांतला पेंढा टाकू नका कुणी!! सीझन संपला की आम्ही सगळा कलमांच्या बुंध्याशी पसरतो. पावसात कुजतो, तणही कमी येतं. बाठे रुजत घालतो, कलम बांधायला रोपं लागतातच.

वेंगुर्लेकर:
आमच्या वेंगुर्ल्याक येवन बघा. नगरपरिषदेचा कचरा डेपो बघायला लोक बाहेरून येतात. ओल्या कचऱ्याचा गॅस, प्लॅस्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात. पण कचरो घरातच येगळो करूचो लागता. बांगड्याच्या पाण्यात लडबडलेली पिशवी कोण हातात घेणार? धुवा, दोरीवर वाळवा, मग द्या.

चाकरमानी_बोरिवली:
लोकलमधून लिहितोय. 2018 ला थर्माकोलवर बंदी आली तरी आमच्या घरी माळ्यावरचं जुनं मखर निघायचंच. गेल्या वर्षी काकांनी ठाम सांगितलं, नाही म्हणजे नाही. गणपतीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीला, म्हणजे माटवीला, नारळ, सुपारीचे घोस, कवंडळाची रानफळं, हरणाची फुलं. गणपती इतका देखणा कधी दिसला नव्हता.

आमराई:
कवंडळं मिळाली तुम्हाला? आमच्याकडे दिसतच नाहीत आता.

चाकरमानी_बोरिवली:
काकूच्या कुंपणावर आहेत ना. चतुर्थीच्या आधी सांगा, पाठवतो.

बाळाची_आई:
डायपरचं काय करायचं ते सांगा कुणीतरी. कचऱ्याची गाडी आमच्या वाडीत येत नाही. पुरले तर कुत्री उकरतात. खूप वाईट वाटतं.

माडाखालची:
बाय गो, समजू शकते. दिवसा आईच्या जुन्या सुती साडीचे लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर, असं केलंस तरी निम्म्याहून कमी होतील. पावसात लंगोट वाळत नाहीत हा खरा त्रास. पडवीत चुलीच्या बाजूला दोरी बांध.

बाळाची_आई:
चूल आहे अजून. आजच बांधते 🙏

दर्यावर्दी:
बंदरावर आहे, थोडक्यात लिहितो. फाटलं जाळं समुद्रात टाकू नका. नायलॉन कुजत नाही, त्यात कासवं अडकून मरतात. आम्ही जुनी जाळी पडवळाच्या मांडवाला आणि परसाच्या कुंपणाला वापरतो. जिवंत कासव जाळ्यात आलं तर जाळं कापून सोडा. कापलेल्या जाळ्याची भरपाई देणारी शासनाची योजना आहे, मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

वेंगुर्लेकर:
ह्या म्हायत नव्हता! भावाक सांगतंय.

सोलकढी:
रातांब्याच्या (कोकमाच्या) बियांचं तेल अजून कोण काढतं? आमच्याकडे सालं ठेवून बिया फेकतात.

आमराई:
सासूबाई काढतात. बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळायच्या. वर तेल येतं, थंड झालं की थिजतं, त्याचे गोळे वळायचे. टाचांच्या भेगांवर यासारखं दुसरं काही नाही. यंदाच्या बिया ठेवा, कृती सविस्तर लिहिते.