मदत हवी आहे: हरिकेनचा फिरता प्रॉपेलर ब्रशने कसा दाखवायचा?

1944 च्या इम्फाळ लढाईतलं हॉकर हरिकेन हे लढाऊ विमान रंगवतोय. भारतीय हवाई दलाची 1 क्रमांकाची स्क्वाड्रन, अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालची. 24 x 36 इंची कॅनव्हास, ॲक्रिलिक. विमान पुढून, किंचित डावीकडून दिसतंय, ऊन मागून येतंय, खाली हिरवे डोंगर. विमानावरच्या हवाई दलाच्या गोलचिन्हात लाल घेतलेला नाही, निळा आणि फिकट निळाच आहे (जपानी विमानांवरच्या लाल गोलाशी गल्लत नको म्हणून त्या आघाडीवर लाल काढला होता), तेव्हा तो मुद्दा नको.

अडलंय ते तीन पात्यांच्या प्रॉपेलरपाशी. आधी पांढऱ्याचा पातळ थर गोल फिरवला, तर विमानाच्या नाकावर स्टीलची ताटली बसवल्यासारखं दिसलं. मग कोरड्या ब्रशने पाती पुसट केली, तर घरातला पंखा! दोन्ही प्रयोग वेगळ्या कागदावर केले, कॅनव्हासला अजून हात लावलेला नाही. मागचे ढग पूर्ण झालेत आणि ते पुन्हा रंगवायची माझी हिंमत नाही.

एअरब्रश नाही, घ्यायचाही नाही. फोटोत शटरच्या वेगाप्रमाणे पाती गोठतात किंवा वाकडी येतात, त्यामुळे त्यांचा फारसा उपयोग होत नाही. पिवळी टोकं फिरताना बारीक कडं होऊन दिसतील, एवढं कळतंय.

ज्यांनी ब्रशने केलंय त्यांनी सांगा: ऊन मागून असताना फिरत्या पात्यांची पूर्ण चकती हलकीशी उजळवायची, की चकती सोडून फक्त दोन समोरासमोरच्या पाचरींवर चमक द्यायची? आणि ग्लेझ मीडियममध्ये (रंग पारदर्शक करणाऱ्या द्रवात) रंग साधारण किती घ्यायचा?