अनुभव धागा: क्रूझवरून किनाऱ्यावर उतरल्यावर खाणं आणि पाणी

सागरगोटे
सिंगापूर–पेनांग–फुकेत म्हणा, मुंबई–गोवा–लक्षद्वीप म्हणा, आपल्याकडून क्रूझला जाणारे आता पुष्कळ आहेत. जहाजावरच्या बुफेवर सगळेच बोलतात. इथे हवी आहे ती गँगवे (जहाजाचा उतरायचा जिना) उतरल्यापासून परत चढेपर्यंतच्या सहा-आठ तासांची माहिती: काय खाल्लेलं चालतं, पाणी कुठलं, कशाने बिघडतं, बिघडलं तर काय करायचं. ज्यांचा या विषयाशी कामानिमित्त संबंध आहे त्यांनी जरूर लिहा. प्रवासवर्णनं नकोत, आकडे आणि कारणं द्या.

गॅली_मडगाव
पाण्यापासून सुरू करतो, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. जहाजाचं पिण्याचं पाणी चालत्या जहाजावर, किनाऱ्यापासून लांब तयार होतं, समुद्राच्या पाण्याची वाफ करून ती थंड करणाऱ्या, इंजिनच्या उष्णतेवर चालणाऱ्या इव्हॅपोरेटरमध्ये नाहीतर आरओवर. बंदरात समुद्राचं पाणी घाण असतं, म्हणून तिथे ते बनवत नाहीत. बंदरातून नळाचं पाणी घ्यावं लागलं तर तपासून, क्लोरीन वाढवून मगच टाकीत सोडतात. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या जहाजांवर सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅम (जहाज स्वच्छता कार्यक्रम) लागू असतो. त्यात जहाजाच्या सगळ्या नळांना किमान 0.2 पीपीएम (दहा लाख भागांत 0.2 भाग) क्लोरीन लागतोच, आणि तपासणीत 100 पैकी 85 किंवा कमी गुण मिळाले की जहाज नापास. तेव्हा केबिनच्या नळाला क्लोरीनचा वास आला म्हणून नाक मुरडू नका. तेच पाणी भरून घेऊन उतरा. माणशी एक लिटर चार तासांना पुरतं, उन्हात दीड ते दोन लागतं.

भरताना एक पाळा. बुफेच्या डिस्पेन्सरच्या तोटीला बाटलीचं तोंड लावायचं नाही. स्वच्छ ग्लासात घ्या आणि ग्लासातून बाटलीत ओता. बाटलीला आपलं तोंड लागलेलं असतं. ते तोटीला लागलं की पुढच्या दोनशे माणसांना प्रसाद.

आता बुफेतून सँडविच, उकडलेली अंडी, चिकन रुमालात बांधून नेण्याबद्दल. जहाजवाले नको म्हणतात तो कंजूषपणा नव्हे. 5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. नेहमीच्या हवेत शिजलेलं अन्न या पट्ट्यात दोन तास ठेवता येतं, 32 अंशांच्या वर एकच तास. फुकेतला सकाळी नऊला बॅगेत टाकलेलं सँडविच दहा-अकरापर्यंत फेकायचं असतं, आणि लोक ते दीड वाजता उघडतात.

मिरजकर_मायक्रो
वरच्यात भर. पुन्हा गरम केलं की सगळं ठीक होतं, हा समज घातक आहे. भात शिजवून बाहेर राहिला की बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू जागे होतात आणि उलटी आणणारं विष तयार करतात. ते विष उकळूनही जात नाही. हाताळलेल्या मिठाईत, क्रीममध्ये, कापलेल्या मांसात वाढणाऱ्या स्टॅफिलोकोकसच्या विषाचंही तेच. सहलीच्या डब्यात फ्राइड राइस दिसला तर तो कधी बनला ते विचारा. उत्तर देताना वाढणारा घुटमळला तर भात बाजूला ठेवा आणि सोबतचं केळं खा.

हातांबद्दलही. जहाजांवर पसरणारा नोरोव्हायरस अल्कोहोलच्या सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही. साबण, पाणी आणि वीस सेकंदांचं चोळणं हाच उपाय. पेपर सोपची डबी दहा-वीस रुपयांत मिळते, खिशात मावते आणि नौकानयन, स्नॉर्केलिंग वगैरेनंतर जिथे नुसता पाण्याचा नळ असतो तिथे कामाला येते. पानं कोरड्या हाताने काढा, नाहीतर डबीतच लगदा होतो.

पेनांग_वारी
मलेशियातल्या पेनांगला स्वेटनहॅम पिअर हा क्रूझचा धक्का गावातच आहे, लिटल इंडिया चालत गाठता येतं. तिथे जाऊन गरम डोसा किंवा केळीच्या पानावरचं जेवण घेणं हा सरळ मार्ग. पण हॉकर स्टॉल टाळायलाच हवेत असं नाही, उलट काही पदार्थांत ते हॉटेलच्या बुफेपेक्षा बरे. चार क्वे टिओव, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या चपट्या शेवया, बघा. कढई धूर सोडेपर्यंत तापलेली, एका वेळी एक-दोन प्लेटचाच माल आत, मिनिट-दोन मिनिटांत बशीत आणि बशी थेट तुमच्या हातात. मध्ये अन्न कुठे थांबतच नाही. याउलट नासी कंदारच्या (भात आणि वरून रस्से) दुकानात दुपारी तीनला कोमट रश्शांच्या ओळीतून वाढून घेणं जोखमीचं, बाराच्या गर्दीत तेच चालतं. मलेशियात खाद्यगृहांना स्थानिक पालिका ए, बी, सी श्रेणी देते आणि ते प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं. आधी तिकडे नजर टाका.

चेंडॉल, ऐस कचांग या गोड पदार्थांत किसलेला बर्फ असतो. आरपार भोक असलेल्या नळीसारख्या तुकड्यांचा बर्फ कारखान्यात शुद्ध पाण्यापासून बनतो. लादी फोडून किंवा किसून केलेल्या बर्फाची खात्री देता येत नाही. थायलंडमध्येही हीच खूण.

शाकाहाऱ्यांसाठी: मलेशियात ‘सायूर’ (भाजी) म्हटलं तरी भाजीत कोळंबीची बेलाचान पेस्ट येते, थायलंडमध्ये नाम प्ला हा माशाचा सॉस. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधा. तिथे मांस, मासे, अंडी नाहीतच, कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींनी मात्र बटाटा, गाजर, मुळा अशा कंदमुळांबद्दल वेगळं विचारावं.

भोळा_शंकर
कारखान्याचा बर्फ हातानेच ग्लासात टाकला तर? आणि सीलबंद बाटलीसुद्धा नळावर भरलेली असू शकते ना?

पेनांग_वारी
@भोळा_शंकर, बरोबर. चिमटा किंवा लांब दांड्याचा डाव वापरतात का बघा. बर्फाच्या पेटीत माशांची किंवा शीतपेयांची पाकिटं खुपसलेली असतील तर बर्फ नको. बाटली घेताना झाकणाखालची कडी अखंड आहे का बघा, उघडताना ती टकटक तुटली पाहिजे. बाटली उलटी धरून दाबा, थेंब आला तर परत करा. शंका असेल तर सोडा किंवा गॅसवालं पाणी घ्या, ते घरगुती भरून विकणं अवघड.

नाईल_काठी
इजिप्तमध्ये सफागा बंदरातून लक्सर सुमारे तीन-साडेतीन तास बसने. तेवढेच परतीचे. त्यामुळे इथे प्रश्न हॉटेलपेक्षा बसचा आहे. पहाटे दिलेला न्याहारीचा डबा बहुतेक जण उतरल्यावर उघडतात. त्यातलं चीज, अंडं, कापलेली काकडी बस सुटल्या-सुटल्या खा, किंवा खाऊच नका. पाव, बंद पाकिटातली बिस्किटं, न सोललेलं संत्रं मागे ठेवा.

बसमधल्या थंड पाण्याच्या बाटल्या वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात तरंगत असतात. ते पाणी झाकणाच्या खाचेत साचतं आणि झाकण फिरवलं की थेट तोंडाशी येतं. कोरड्या टिश्यूने बाटली मानेपाशी पुसून घ्या, मग उघडा. एवढी साधी गोष्ट, पण गाईडही सांगत नाहीत.

दुपारच्या बुफेत कोशिंबिरी, ताहिनी, दही सोडा. भट्टीतून निघालेली बलदी रोटी आणि समोर तळलेली तामिया घ्या. ती आपल्या वड्यासारखी, फक्त फावा बीन्सची. उसाचा रस, खारूबचं (कॅरोबच्या शेंगांचं) सरबत वगैरे मोहाचं आहे, पण त्यातलं पाणी आणि भांडी धुण्याचं पाणी दोन्ही अनोळखी.

मत्स्य_रत्नागिरी
मासे खाणाऱ्यांनी दोन विषं ओळखून ठेवावीत. दोन्ही ताज्या दिसणाऱ्या, नीट शिजवलेल्या माशातही असतात.

पहिलं हिस्टामिन. ट्यूना, माही-माही, बांगडा पकडल्यावर लगेच बर्फात गेला नाही तर ते तयार होतं. मासा जिभेला तिखट, मिरमिरीत लागतो. काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल, डोकं ठणकतं, अंगावर गांध्या. माणसाला वाटतं माशाची ॲलर्जी झाली. तिखट लागला की घास थुंकायचा, वाद घालत बसायचं नाही. श्वासाला त्रास झाला तर तातडीने डॉक्टर.

दुसरं सिग्वाटेरा, कॅरिबियन आणि पॅसिफिकच्या प्रवाळी भागातलं. ते बॅराकुडा, मोठा ग्रूपर, ॲम्बरजॅक, स्नॅपर या माशांत असतं. लहान मासे शेवाळातलं विष खातात, मोठे त्यांना खातात, म्हणून मासा जितका मोठा तितकी जोखीम. पोट बिघडतं, मग ओठ आणि बोटं झिणझिणतात, कधी गार वस्तू भाजल्यासारखी लागते. बॅराकुडा तर तिकडे खाऊच नये.

मेक्सिकोत कोझुमेलला सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, मिळतं. लिंबाने मासा पांढरा होतो, जंतू मरत नाहीत. कच्च्या कालवांतून व्हिब्रिओ जिवाणू आणि हेपॅटायटिस ए येऊ शकतो. टेबलावर सकाळपासून उघड्या असलेल्या साल्साच्या वाट्यांनाही रामराम.

डॉ_सांगली
उलटी खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत सुरू झाली तर बहुधा तयार विष. नोरोव्हायरसला 12 ते 48 तास लागतात, म्हणजे आज रात्री उलट्या झाल्या तर दोष आजच्या जेवणाचाच असेल असं नाही. ई. कोलाय जिवाणूची प्रवासी जुलाबं साधारण एक ते तीन दिवसांत.

ओआरएसची पाकिटं पाठीवरच्या बॅगेत ठेवा, केबिनमध्ये नको. पाकिटावर 200 मिली लिहिलंय की एक लिटर, ते वाचा. लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात घातलं तर मिठाचं प्रमाण धोकादायक होतं. घोट घोट प्या. पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा 5 मिलीचा. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस नव्हेत, जास्त साखरेने जुलाब वाढतात.

बस गाठायचीच असेल तर मोठ्या माणसांनी जुलाब थांबवणाऱ्या लोपरामाइडच्या 2 मिलीग्रॅमच्या दोन गोळ्या, नंतर प्रत्येक पातळ शौचामागे एक, डॉक्टरांशिवाय दिवसाला 8 मिलीग्रॅमच्या वर नाही. ताप किंवा रक्त असेल तर अजिबात नको, लहान मुलांना नको. बीपीसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी अशा दिवशी काय थांबवायचं ते निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारावं. टायफॉइड आणि हेपॅटायटिस एची लस किमान दोन आठवडे आधी घ्या.

आणि आजार लपवू नका. जहाजाच्या दवाखान्यात चालत जाण्याऐवजी केबिनमधून फोन करा. लक्षणं थांबल्यावर साधारण 24 ते 48 तास केबिनमध्ये राहायला सांगतात. पुढची सहल बुडते, पण लिफ्टच्या बटणांवर विषाणू पसरत नाही.

मेलबर्न_मामी
दशम्या, लाडू, शेंगदाण्याची चटणी नेणाऱ्यांनो: आधी जहाज कंपनीचा नियम वाचा, बरीच जहाजं घरचं शिजवलेलं घेऊ देत नाहीत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला उतरताना तर फळ, मध, बिया, दुधाचे पदार्थ जहाजावरच ठेवा. वासाने हुडकणारे कुत्रे धक्क्यावर असू शकतात. न्यूझीलंडमध्ये न सांगता नेलेलं सफरचंद सापडलं तर जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलर दंड. जहाजाच्या बुफेतलं सफरचंदसुद्धा यात आलं.

सागरगोटे
लक्षद्वीप-गोव्याचं कोणी लिहील का? शहाळ्याबद्दल विचारणा आहे.

गॅली_मडगाव
शहाळं उत्तम, पण समोर फोडलेलं, बंद वेष्टनातला स्ट्रॉ किंवा सरळ तोंडाला लावून. ग्लासात ओतून बर्फ घातलेलं नको. कोयता बादलीतल्या गढूळ पाण्यात बुडवून फोडत असतील तर पुढच्या गाड्यावर जा. सोलकढी दुपारी बारापर्यंत, काढून ताजी असेल तर. नारळाचं दूध उन्हात फार टिकत नाही, फुटलेली किंवा आंबूस लागली की वाटी परत. पाकीटबंद काहीही घेताना एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक आणि तारीख बघा. बोटीतून जहाजाकडे परतताना पोटात थोडंच असू द्या. लाटेवरच्या उलटीला जहाजावर आधी पोटाचाच आजार समजतात आणि फॉर्म भरायला लावतात.