जास्त भाडं मिळतंय म्हणून चांगल्या भाडेकरूला घालवणं बरोबर आहे का?

कोथरूडकर: कोथरूडला आमचा वन बीएचके आहे, सासऱ्यांनी घेतलेला, लोन वगैरे काही नाही. बरीच वर्षं एकच कुटुंब राहतंय, भाडं १८ हजार, पाच तारखेच्या आत जीपे होतं, कधी कटकट नाही. आता मार्चमध्ये अ‍ॅग्रीमेंट संपतंय आणि एजंट मागे लागलाय की आयटीतली तीन पोरं २५ द्यायला तयार आहेत. यांचा मुलगा दहावीला, बोर्ड ऐन मार्चमध्येच. बायको म्हणते आपण धर्मशाळा नाही काढलेली. कायद्याने मी मोकळा आहे हो, पण मनाला पटेना. तुम्ही काय केलं असतं?

रोखठोक: वहिनी बरोबर बोलतायत. मेंटेनन्स तुम्ही भरता, प्रॉपर्टी टॅक्स तुम्ही भरता, वर मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन ऑक्युपन्सी चार्ज लावते (ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, बिल बघून घ्या एकदा).

भाड्याचं_घर: भाडेकरू बोलतोय. घर बदलायचं म्हणजे एजंटला एक महिन्याचं भाडं, टेम्पो, नवीन डिपॉझिट, आणि जुनं डिपॉझिट हातात येईल तेव्हा खरं. आमच्या आधीच्या मालकाने पेंटिंगच्या नावाखाली अर्धं कापलं, का तर कॅलेंडरचा एक खिळा. भाडं वाढवा ना, त्याला कोण नाही म्हणतंय, पण हे असलं करू नका. आणि आडनाव विचारून फोन ठेवणारे मालक, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

गिरगावचा: दुसरी बाजू पण ऐका. आमच्या आजोबांची चाळ होती, सगळे पगडीवाले, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर कायमचे राहणारे. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली ती गोठवलीच. खोलीच्या भाड्यात जिन्याची एक फळी बदलून होत नव्हती, मग मालक दुरुस्ती करत नाही आणि भाडेकरू म्हणतो मी का करू, शेवटी सगळे टेकू लावलेल्या इमारतीत. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली पण मूळ आकडाच एवढासा की त्याचं काय होणार. तेव्हा दयेपोटी भाडं तिथेच ठेवलंत तर उद्या गीझर बदलताना तुम्हीच कुरकुर कराल.

साधा_उपाय: ११ महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटचं खूळ सोडा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे हेच भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट) कितीही महिन्यांचं असो, रजिस्टर करावंच लागतं आणि ती जबाबदारी मालकाची, मग ११ च का? सरळ ३६ महिन्यांचं करा, पहिल्या वर्षी २०, पुढे दरवर्षी किती वाढणार ते आत्ताच लिहा. २५ मध्ये पोरं येतील पण वर्षभरात जातील, मग फ्लॅट दोन महिने रिकामा, परत रंग. हिशोब मांडून बघा, फरक वाटतो तेवढा नाही. आणि त्यांना हे आत्ताच सांगा, फेब्रुवारीत नको, पोराचा अभ्यास आहे.

रोखठोक: दहावी झाली की बारावी, मग सीईटी. बसा.

कोथरूडकर: बसू की. २० ला बायकोही हो म्हणाली, पण डिपॉझिट थोडं वाढवू म्हणतेय. ते मागावं का?

भाड्याचं_घर: नका मागू. दहावी झाली की त्यांना कॉलेजची फी भरायची असेल.