शब्द हवाय : केंद्रकीला चिकटलेला 'कप्पा', 'पुंजका' की आणखी काही?

मंडळी, गेले आठ दिवस एका शब्दावर अडलेय, मदत करा. एका दिवाळी अंकासाठी पेशीशास्त्रज्ञ स्वी हुआंग यांच्या कामावर लेख लिहायला घेतलाय. त्या शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या. पेशीच्या केंद्रकात (न्यूक्लिअसमधे) काय कुठे मांडलेलं असतं आणि ते तिथेच का, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा विषय, आणि त्याच वाटेने जात जात त्या कॅन्सरवरच्या एका औषधापर्यंत पोचल्या.

पहिल्या वाक्यातच अडखळले. 'न्यूक्लिअर ऑर्गनायझेशन' असं लिहून घरात वाचून दाखवलं तर सगळ्यांना अणुबॉम्बवाली एखादी संघटना वाटली. त्यांचा काही दोष नाही, आपल्याकडे न्यूक्लिअर म्हटलं की आण्विक, त्यात टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत, म्हणजे कॅन्सर आणि अणू एका वाक्यात आले की लोक भलतीकडेच जाणार. मग 'केंद्रकाची रचना' केलं, तेही पटेना, कारण रचना म्हणजे एकदा बांधली की झाली, इथे तर सतत ने-आण चालू असते. शेवटी 'केंद्रकातली मांडणी' वर स्थिरावले. आजीच्या स्वैपाकघरात भिंतीला भांड्यांची मांडणी होती ना, रोज भांडी निघायची, घासून परत यायची, पण प्रत्येकाची जागा ठरलेली. अंधारातसुद्धा हात बरोबर वाटीवर जायचा. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण दोन मीटर भरतो, आणि तो राहतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात, तेव्हा मांडणी हवीच.

आता खरी अडचण. केंद्रकात केंद्रकी (न्यूक्लिओलस) असते, ती शाळेत शिकलोय. कॅन्सरच्या बऱ्याच पेशींमधे या केंद्रकीच्या अंगाला चिकटून आणखी एक वेडावाकडा ठिपका दिसतो, निरोगी पेशींत तो क्वचितच सापडतो. इंग्रजीत त्याला 'पेरिन्यूक्लिओलर कंपार्टमेंट' म्हणतात. 'परिकेंद्रकीय कक्ष' असं लिहिलं तर वाचणारा पान उलटेल, आणि 'कप्पा' म्हटलं तर मन खातंय. काय म्हणू?

प्रतिसाद : केंद्रकीच बरोबर

ताई, मी आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. पुस्तकात केंद्रकीच आहे, तोच ठेवा. काहीजण केंद्रिका लिहितात, पण मुलांच्या तोंडी केंद्रकी बसलंय आणि तो शब्द घडलाय पण छान. मूळ लॅटिन शब्द न्यूक्लिअस, त्याचा अर्थ बी, गर असा, आणि न्यूक्लिओलस म्हणजे त्याचंच लहान रूप. मराठीत लहानपण दाखवायला आपण ई लावतोच की, सुरा-सुरी, डबा-डबी, गाडा-गाडी, तसं केंद्रक-केंद्रकी. कोणी मुद्दाम असा विचार करून केला की आपोआप झाला ते सोडा, कानाला बरोबर लागतं.

पेशी शब्दाबद्दल मात्र एक सांगतो कारण दरवर्षी वर्गात हा घोळ होतो. हिंदीत पेशी म्हणजे स्नायू, आणि स्नायु म्हणजे भलतंच, नस नाहीतर अस्थिबंध. सेलला ते कोशिका म्हणतात. आपल्या विश्वकोशात कोशिका आणि पेशी दोन्ही दिसतात. हिंदी व्हिडिओ बघून आलेली मुलं मांसपेशीला मांसाची पेशी समजून उत्तर लिहितात. लेखात पहिल्यांदा पेशी शब्द येईल तिथे अर्धं वाक्य खर्च करा.

प्रतिसाद : कप्पा नको

तुमचं मन खातंय ते बरोबरच आहे. कप्पा म्हटलं की भिंत आली, कपाटाचा कप्पा, पर्सचा कप्पा. केंद्रकातल्या या वस्तूंना पापुद्राच नसतो. केंद्रकीलासुद्धा नाही. तिथली प्रथिनं आणि आरएनए (डीएनएवरून उतरवलेली नक्कल) एकमेकांना धरून राहतात म्हणून ती वेगळी दिसते, आमटीवरचा तवंग पाण्यात असून वेगळा दिसतो तसं. तवंगाचे दोन थेंब शेजारी आले की एक होतात, केंद्रक्याही तशाच एकमेकींत मिसळताना दिसतात. म्हणून 'कक्ष', 'कप्पा', 'खोली' हे सगळं बाद करा. माझं मत 'पुंजका'. पुंजक्याला भिंत लागत नाही, नुसतं जवळ असणं पुरतं.

प्रतिसाद : आणि 'गाठ' तर अजिबातच नको

मी पॅथॉलॉजी लॅबमधे स्लाईड बनवते, सोळा वर्षं झाली. वर कोणी सुचवलेलं नाहीये पण कोणीतरी 'केंद्रकीची गाठ' म्हणेल म्हणून आधीच सांगते, नको. कॅन्सरच्या बाबतीत गाठ हा शब्द लोकांनी आधीच एका अर्थाला बांधून टाकलाय, पेशंटच्या घरच्यांनी तुमचा लेख वाचला तर त्यांना आणखी एक गाठ सापडली असं वाटेल.

केंद्रकी प्रत्यक्षात कशी दिसते सांगू का, लेखात घेता येईल. आपण रोज जो रंग देतो त्यात केंद्रक निळं-जांभळं होतं आणि बाकी पेशी गुलाबी. साध्या पेशीत केंद्रकी शोधावी लागते, बारीकसा गडद टिंब असतो, कधी दिसतच नाही. पण कॅन्सरच्या कित्येक पेशींत ती टपोरी होते, एकदम डोळ्यातल्या बाहुलीसारखी तुमच्याकडे बघते. हॉजकिन्स लिम्फोमा या लसीका ग्रंथींच्या कॅन्सरमधे तर दोन केंद्रकं आणि दोघांत एकेक मोठी केंद्रकी, आम्ही त्याला घुबडाचे डोळेच म्हणतो. हे लोकांनी फार पूर्वीच टिपलंय, इटलीचे पियानेझे यांनी १८९६ सालीच कॅन्सरच्या पेशींतल्या मोठ्या, वेड्यावाकड्या केंद्रक्यांचं वर्णन केलं होतं. केंद्रकी म्हणजे रायबोसोम, म्हणजे प्रथिनं तयार करणारी पेशीतली यंत्रं, बनवायचा कारखाना, आणि झपाट्याने वाढणाऱ्या पेशीला प्रथिनं जास्त लागतात मग कारखाना पण मोठा, इतकं ते सरळ आहे.

तुमचा तो पुंजका मात्र आमच्या रोजच्या रंगात दिसत नाही हे लिहायला विसरू नका. त्याच्यातल्या प्रथिनाला चमकणारी खूण लावावी लागते.

प्रतिसाद : 'शोध' शब्दाचं काय केलंत?

कप्पा-पुंजका चालू द्या, मला वेगळीच काळजी आहे. 'ड्रग डिस्कव्हरी'ला काय लिहिलंय? पेपरवाले सर्रास 'औषधाचा शोध' लिहितात आणि तिथे मराठीत मोठी गंमत आहे, आपल्या शोधात शोधणं पण येतं आणि सापडणं पण येतं. फरक क्रियापदात. शोध घेतला म्हणजे सापडलंच असं नाही. शोध लागला म्हणजे ते तिथे होतंच, आपल्याला दिसलं. शोध लावला म्हणजे कोणीतरी डोकं चालवून काढलं. नुसतं 'औषधाचा शोध' लिहिलंत तर वाचणारा 'लागला' असंच धरणार आणि उद्या डॉक्टरकडे जाऊन ते औषध मागणार. क्रियापद गाळू नका एवढीच विनंती.

औषधासाठी ढीगभर रसायनं तपासतात त्या 'स्क्रीनिंग'ला पण 'चाळणी' लिहू नका डोळे झाकून. आमच्या घरी धान्याची तीन कामं वेगळी होती. पाखडणं म्हणजे हलकं फोलपट उडवून लावणं. चाळणं म्हणजे भोकापेक्षा बारीक ते खाली. आणि निवडणं, ताटात तांदूळ पसरून एकेक दाणा नजरेखालून घालणं, खडा दिसला की बाजूला. तुमच्या शास्त्रज्ञांनी यातलं काय केलं ते बघा आणि तोच शब्द घ्या.

प्रतिसाद : सगळ्यांना, एकत्र उत्तर

किती नीट उत्तरं दिलीत, मी काल रात्री अर्धा लेख पुन्हा लिहिला. 'निवडणं' वाचून तर उडालेच, कारण तिथे अक्षरशः निवडणंच झालंय, सांगते.

१९९० च्या दशकात हुआंग न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरला डेव्हिड स्पेक्टर यांच्या प्रयोगशाळेत होत्या. त्यांचा १९९१ चा निबंध केंद्रकातल्या ठिपक्यांवर होता, नवा आरएनए तयार होतो त्याच्या कापाजोडीचं सामान जिथे गोळा होतं ते ठिपके. मग १९९७ मधे हा आपला पुंजका, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तो गोळा नसून जाडसर धाग्यांची जाळी आहे आणि ती केंद्रकीला टेकलेली आहे हे त्यांनी दाखवलं. तोपर्यंत कॅन्सरच्या औषधाचा विषय कुठेच नाही, नुसतं बघणं. पुढे नॉर्थवेस्टर्नला त्यांच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी तपासल्या तर आजार जितका पुढच्या टप्प्यावर तितक्या जास्त पेशींत हा पुंजका, आणि शरीरात दुसरीकडे पसरलेल्या गाठींत तर जवळजवळ सगळ्या पेशींत. इथपर्यंत 'शोध लागला'.

मग त्यांनी प्रश्न उलटा केला, की जे रसायन हा पुंजका घालवेल ते कॅन्सरचं पसरणंही थांबवेल का? इथून 'शोध घेतला'. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींत पुंजक्यातल्या एका प्रथिनाला हिरवी चमक दिली, एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेतल्या आणि कॅन्सस विद्यापीठातल्या लोकांबरोबर मिळून १,४०,००० वर रसायनं एकेक करून त्या पेशींवर घातली आणि दर वेळी फोटो काढून बघितलं की हिरवा ठिपका आहे की गेला. मशीनने बघितलं, पण बघणं ताटातल्या तांदळासारखंच, एकेक दाणा. मी 'निवडून काढलं' असंच लिहिलंय.

त्यातून सुधारत सुधारत मेटारेस्टिन नावाचं औषध आलं, २०१८ मधे निबंध छापून आला, उंदरांच्या तीन वेगवेगळ्या प्रयोगांत माणसाच्या कॅन्सरचं पसरणं कमी झालं, स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे उंदीर जास्त जगले. नाव मेटॅस्टॅसिस आणि अरेस्ट या दोन शब्दांवरून. अरेस्टला मी आधी 'अटक' लिहिलं होतं, ते पोलिसांकडे जातं, आता 'अटकाव' केलंय. मेटॅस्टॅसिसला कोशातला शब्द न घेता 'पसरणं' ठेवलंय कारण हॉस्पिटलच्या बाकड्यावर माणसं हेच म्हणतात, पसरलंय का हो.

पुंजका नक्की. पण आधीचं विशेषण? केंद्रकीलगतचा, केंद्रकीशेजारचा, केंद्रकीसभोवतालचा?

प्रतिसाद : काठ

सभोवतालचा नको, तो पुंजका केंद्रकीला वेढत नाही ना, एका बाजूला असतो. इंग्रजी नावातल्या 'पेरि'मुळे तसं वाटतं. नदीकाठचं गाव म्हणतो तसं 'केंद्रकीकाठचा पुंजका' करून बघा.

प्रतिसाद : केंद्रकीकाठचा!

घेतला. सर, मनापासून आभार, लेखात सगळीकडे बदललाय.

आज सकाळी मावशीला वाचून दाखवला. हा विषय मी तिच्यामुळेच घेतला होता, दोन वर्षांपूर्वी तिच्या रिपोर्टमधे 'प्रॉमिनंट न्यूक्लिओलाय' (म्हणजे ठळक केंद्रक्या) असे दोन शब्द होते आणि आम्ही सगळे जेवायच्या टेबलावर तो कागद घेऊन बसलो होतो, एकालाही अर्थ लागेना, आणि तिथल्या काऊंटरवर विचारलं तर डॉक्टरांना विचारा म्हणून परत पाठवलं. घुबडाच्या डोळ्यांचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, म्हणजे हा काठचा पुंजका गेला की गाठ जाते का गं? म्हटलं नाही मावशी, नावातच आहे, पसरण्याला अटकाव. आणि हे उंदरांमधलं झालं, माणसांवरच्या चाचणीचा पहिला टप्पा एनआयएचला २०२० मधे सुरू झाला, पहिल्या टप्प्यात मुख्यतः डोस किती झेपतो तेच बघतात. हे शेवटचं वाक्य लेखात खाली कुठेतरी होतं, ते उचलून मेटारेस्टिनच्या नावाच्या लगेच पुढे आणलंय.