तीन दिवसांची सायकल शर्यत, तीन दावेदार. विजेता कोण धरायचा? (नागपूर)

सक्करदरा_झेरॉक्स

सकाळी सायकली घेऊन निघणाऱ्या ओळखीच्या मंडळींचा एक ग्रुप आहे. दर जुलैत टूर द फ्रान्स बघतात आणि मग वर्षभर त्याच गप्पा. यंदा थंडीत त्यांनी ठरवलं, आपणही टप्प्यांची शर्यत घ्यायची. फ्रान्सात २१ टप्पे, इथे तीन. मला सायकल येते ती भाजी आणण्यापुरती, म्हणून घड्याळ आणि एक्सेलची शीट माझ्याकडे आली. निकाल मीच जाहीर करायचा आहे, आणि ग्रुपवर नुसती जुंपली आहे.

पहिला टप्पा कन्हानच्या पुलापलीकडून रामटेक, शेवट गडमंदिराच्या चढावर. दुसरा फेटरीहून कळमेश्वर आणि परत, जवळपास सपाट. तिसरा हिंगण्याच्या पुढे मोहगाव झिलपीच्या तलावापर्यंत, दोन-दोन मिनिटांनी एकेकाला सोडून.

नावं नकोत, धंद्यावरून सांगते. गडमंदिराला मास्तर पहिले. दाताचे डॉक्टर २० सेकंदांनी मागे, बँकवाले तिसरे, १ मिनिट ४० सेकंदांनी. दुसऱ्या दिवशी फेटरीला सगळा घोळका एकत्रच आला आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये बँकवाल्यांनी असा काही जोर काढला की मला व्हिडिओत दुसरं कोणी दिसेचना. मास्तर घोळक्याच्या शेपटाला, १२ सेकंदांनी. डॉक्टर त्याच घोळक्यात होते, पण संपायला "दोनेक किलोमीटर" राहिले असताना मागचं चाक पंक्चर. ट्यूब बदलून येईपर्यंत चार मिनिटं गेली. झिलपीला बँकवाले पहिले, डॉक्टर १५ सेकंदांनी मागे, मास्तर ५५ सेकंदांनी.

साधी बेरीज केली तर मास्तर बँकवाल्यांच्या ३३ सेकंद पुढे. बँकवाले म्हणतात, तीनातले दोन दिवस मी पहिला, मग हरलो कसा? डॉक्टर म्हणतात, शेवटच्या तीन किलोमीटरमधलं पंक्चर टूरमध्ये धरतच नाहीत, माझी चार मिनिटं काढून टाका. ती काढली तर डॉक्टर मास्तरांच्याही पुढे जातात. मास्तर काहीच बोलत नाहीत, मला रोज "शुभ सकाळ" मात्र पाठवतात.

जिंकणाऱ्याला बाकीच्यांनी सावजी खिलवायचं ठरलं आहे, त्यामुळे सगळे अडून बसलेत. ज्यांना नियम माहीत आहेत त्यांनी सांगा.

तर्रीबाज

यात विचारायचं काय आहे बाप्पा? दोन दिवस जो पहिला आला तो जिंकला. क्रिकेटची मालिका दोन-एकने जिंकतात तशी. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांची अमेरिकेतली शर्यत पण अशीच असते ना? आणि सावजी कधी आहे ते सांगा, मी प्रेक्षक म्हणून येतो.

निवृत्त_कंट्रोलर

ताई, तुम्ही दिलेल्या आकड्यांतच सगळं आहे. जरा बैजवार सांगतो.

आधी बँकवाले. त्यांचा हिशोब चुकीचा नाही, जुना आहे. १९०३ साली टूर सुरू झाली तेव्हा वेळेचीच बेरीज होती, पण १९०५ ते १९१२ निकाल गुणांवर लागायचा. रोज कितवे आलात त्याची बेरीज, आणि ज्याची बेरीज कमी तो विजेता. त्या हिशोबाने बँकवाले तीन अधिक एक अधिक एक, पाच. मास्तर फेटरीला शेपटाला होते, म्हणजे ते तिथेच बाद. तेव्हाच्या पॅरिसमध्ये बँकवाल्यांची मिरवणूक निघाली असती. पण त्या पद्धतीत माणूस डोंगरात वीस मिनिटांनी पुढे आला काय आणि चाकभर अंतराने पुढे आला काय, मोल सारखंच. १९१३ पासून पुन्हा घड्याळ आलं, ते आजतागायत.

मी रेल्वेत कंट्रोलला होतो, त्यामुळे मला यात काही विचित्र वाटत नाही. गाडी आमल्याला वेळेआधी आली का, नरखेडला किती छान धावली, हे कोणी विचारत नाही. शेवटच्या स्टेशनावर एकूण किती लेट, तेवढंच रजिस्टरला चढतं. टप्प्यांच्या शर्यतीत पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यांत पुढे असलेल्याचा सदरा, त्या रजिस्टरावर मिळते. म्हणून एकही टप्पा न जिंकता टूर जिंकलेले लोक आहेत, आणि ते काही ऐरेगैरे नाहीत: १९९० साली ग्रेग लेमाँड, २०१७ साली ख्रिस फ्रूम, २०१९ साली कोलंबियाचा एगान बर्नाल.

बर्नालचं तर ऐकण्यासारखं आहे. आल्प्समधल्या इझरान खिंडीच्या चढावर, २,७७० मीटर उंचीवर, तो सगळ्यांना सोडून पुढे निघाला. पलीकडच्या उतारावर गारपीट आणि दरड. रस्ताच बंद. आयोजकांनी खिंडीच्या माथ्यावरची वेळ धरली आणि टप्पा तिथेच थांबवला. त्या दिवसाचा विजेता म्हणून कोणाचंच नाव लागलं नाही, पण पिवळी जर्सी बर्नालच्या अंगावर आली. म्हणजे टप्पा कोणीच जिंकला नाही, आणि टूरचा निकाल त्याच दिवशी फिरला. हे बँकवाल्यांना वाचून दाखवा.

आता तुमची बेरीज. फेटरीचे १२ सेकंद मास्तरांना लावायचे नाहीत. घोळका सलग आला तर त्यातल्या प्रत्येकाला पहिल्याचीच वेळ देतात, नाहीतर दीडशे-पावणेदोनशे माणसं सेकंदासेकंदासाठी एकमेकांच्या अंगावर पडतील. मध्ये फट पडली तरच घड्याळ नव्याने धरतात, आणि घोळक्याने संपणाऱ्या सपाट टप्प्यावर तीन सेकंदांपर्यंतची फट माफ असते. व्हिडिओ पुन्हा बघा, रांग कुठे तुटली होती का. तुटली नसेल तर मास्तर बँकवाल्यांच्या ३३ नाही, ४५ सेकंद पुढे.

टूरमध्ये रोजच्या पहिल्या तिघांना १०, ६ आणि ४ सेकंदांची सूटही मिळते, एकेकट्याच्या टप्प्याला मात्र नाही. ती लावून पाहिली तर बँकवाल्यांना रामटेकचे चार आणि फेटरीचे दहा, मास्तरांना रामटेकचे दहा. फरक ४१ सेकंद. मास्तर तरीही पुढेच. आणि हे थोडके समजू नका. १९८९ साली लेमाँडने लोराँ फिन्योंला तीन हजारांवर किलोमीटरनंतर आठ सेकंदांनी हरवलं, तेही शेवटच्या दिवशी, व्हर्साय ते पॅरिस या एकेकट्याच्या टप्प्यात.

बँकवाल्यांसाठी तिथे हिरवी जर्सी असते, क्रमांकाच्या गुणांवर. सपाट टप्पा जिंकला की ५० गुण, डोंगरातला जिंकला की २०. झिलपी धरून ते मास्तरांच्या कितीतरी पुढे आहेत. हिरवा टी-शर्ट द्या आणि विषय संपवा.

राहता राहिले डॉक्टर. नियम खरा आहे. सपाट टप्प्यात शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये पडलात, पंक्चर झालं किंवा सायकल मोडली, तर ज्या घोळक्यात होतात त्याची वेळ मिळते. म्हणजे रामटेकला ते मास्तरांच्या २० सेकंद मागे, झिलपीला ४० पुढे. नियम लागला तर तेच विजेते. पण ते "दोनेक किलोमीटर" मोजले कोणी?

तर्रीबाज भाऊ, समर्थांनी २०१७ साली पूर्ण केलेली रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका टप्प्यांची नाही. एकदा सुटलं की घड्याळ थांबतच नाही, झोपलात तरी चालूच. त्यांनी २०१८ साली मॉस्को ते व्लादिवोस्तोक केलं, नऊ हजारांवर किलोमीटर, ते टप्प्यांचं होतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टूरमध्ये रात्री हॉटेलात मालिश करून घेता येते.

इतवारी_मेकॅनिक

नियम वगैरे कंट्रोलर काकांनी सांगितले, मी चाकाची बाजू सांगतो. ही तीन किलोमीटरची माफी पुढच्या काळातली. आधी सायकलचं जे होईल ते तुमच्या नशिबाला. १९१३ साली यूजीन क्रिस्तोफ नावाचा गडी पिरेनीजमध्ये तूरमाले घाट उतरत असताना त्याच्या सायकलचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, तुटला. बाहेरून मदत घ्यायची नाही हा नियम. सायकल खांद्यावर टाकून दहाएक किलोमीटर चालत खाली गावात गेला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः फोर्क जोडला. लोहार नुसता तोंडाने सांगणार, हात लावणार नाही, आणि पंच उभे राहून बघून राहिले. तासनतास गेले. वरून दंड! काहून? तर भात्यावर एका पोराने हात मारला म्हणून.

ज्याने कधी ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून नळीचा सांधा जोडायचं काम, केलं आहे त्याला विचारा, थकलेल्या हाताने ती नळी सरळ धरणं काय असते. थोडी वाकडी लागली की उतारावर हँडल थरथरते, आणि त्याला अजून डोंगर बाकी होते. त्याने शर्यत पूर्ण केली, सातवा आला. १९१९ साली पहिल्यांदा पिवळी जर्सी निघाली, ती शर्यत भरवणाऱ्या पेपरच्या कागदाच्या रंगाची, आणि पहिल्यांदा अंगावर चढली ती याच क्रिस्तोफच्या. त्या वर्षीही त्याचा फोर्क तुटला आणि जर्सी गेली.

तर डॉक्टरसाहेबांना म्हणा, चार मिनिटात ट्यूब बदलून आले हे काही वाईट नाही. पण दाताचे डॉक्टर, हाताला सवय पाहिजे होती. टायर लिव्हर दोन ठेवा, एकाने रिम खराब होते. आणि नवीन ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा. संत्र्यांच्या ट्रकमागे काटोल रोडला खिळे आणि तारा पडतातच.

ऊन_वारा_सायकल

मला डॉक्टरांची बाजू पटते. नियम कशासाठी आहे ते बघा ना. माणूस पाय कमी पडले म्हणून मागे राहिला नाही, खिळ्यामुळे राहिला. आणि टूरमध्ये तरी सगळं पुस्तकातूनच चालतं का? २०१६ साली माँ व्हाँतूवर गर्दीत मोटरसायकल अडकली, फ्रूम तिच्यावर आदळला, सायकल मोडली आणि गडी पिवळ्या जर्सीत डोंगरावर चक्क पळत सुटला. शेवट चढावर होता, तीन किलोमीटरचा नियम तिथे लागत नाही. तरी पंचांनी त्याला त्याच्यासोबतच्या मोलेमाची वेळ दिली. मग फेटरीला एवढा कडकपणा कशाला?

शिवाय मास्तर दुसऱ्या दिवशी सतत दुसऱ्यांच्या मागे चिकटून होते असं दिसतंय. वारा अडवायला पुढे कोणी तरी होतंच.

निवृत्त_कंट्रोलर

मागे चिकटणं हा गुन्हा नाही, शर्यतीतली अर्धी अक्कल तीच आहे. घोळक्याच्या मध्ये बसलेल्याची कितीतरी ताकद वाचते. टूरमध्ये संघात आठ जण असतात, त्यातले बरेचसे तीन आठवडे वारा अंगावर घेण्यासाठी आणि बाटल्या आणण्यासाठीच असतात. आपल्याच माणसामागे बसा की परक्यामागे, कोणी अडवत नाही. झिलपीला मात्र कोणी कोणाच्या मागे गेलं असतं तर दंड झाला असता.

व्हाँतूचं उदाहरण चांगलं आहे, पण ते डॉक्टरांच्या विरोधात जातं. तिथे वाट शर्यतीच्याच मोटरसायकलने अडवली होती, आणि निर्णय त्याच संध्याकाळी पंचांनी दिला. तुमच्या शर्यतीत पंच एकच, ताई. त्यांनी फेटरीला काय लिहून घेतलं तेवढंच चालेल. आठवड्याने नियम शोधून आणायचा आणि मागच्या तारखेने लावायचा, असं कोणत्याच रजिस्टरला होत नाही.

सक्करदरा_झेरॉक्स

काका, शीटमध्ये मी फक्त "डॉ. पंक्चर, ४ मि." असं लिहिलं आहे. अंतर कोणालाच विचारलं नव्हतं.

काल डॉक्टरांनीच त्यांच्या सायकलवरच्या जीपीएसची नोंद पाठवली, पुरावा म्हणून. थांबल्याची जागा नकाशावर स्पष्ट दिसते. मी कर्सर धरून मोजलं, नंतर दुकानात आलेल्या इंजिनिअरिंगच्या मुलाकडून मोजून घेतलं. शेवटच्या रेषेपासून ३.४ किलोमीटर.

व्हिडिओही पाहिला. घोळका सलग आहे, कुठेच फट नाही, त्यामुळे मास्तरांचे १२ सेकंद काढले. बँकवाले हिरव्या टी-शर्टवर खूश आहेत, फक्त कॉलरचा पाहिजे म्हणतात. मास्तरांना निकाल कळवला, त्यांनी अंगठा पाठवला.

डॉक्टर मात्र हा धागा वाचून राहिले आहेत. आत्ताच त्यांचा मेसेज आला की हल्ली टूरमध्ये काही टप्प्यांना तीनाऐवजी पाच किलोमीटरची मुभा असते, ते कंट्रोलर साहेबांनी मुद्दाम सांगितलं नाही. खरं आहे का हो?

निवृत्त_कंट्रोलर

खरं आहे. पण कोणत्या टप्प्याला पाच, ते आधी जाहीर करतात. डॉक्टरांना म्हणा, पुढच्या वर्षीचा अर्ज आत्ताच द्या, ताई फेटरीला पाच लिहून ठेवतील. यंदाच्या सावजीची वर्गणी मात्र भरा.

तर्रीबाज

कोणत्या भोजनालयात, कधी, ते अजून कोणी सांगून नाही राहिलं.