गाइड पथक: बांबूची बांधणी सुटते आणि मुली भांडतात, लवकर मदत हवी

डिचोलीकरीण: नमस्कार. जरा घाईत लिहिते आहे. गोव्यातल्या आमच्या शाळेतले गाइड पथक यंदा माझ्याकडे आले आहे आणि पुढच्या आठवड्यात दिवसभराचे शिबिर आहे. वर्गात मुली गाठी झटपट मारतात, पण बाहेर बांबू बांधायला घेतले की सगळे डुगडुगते. कपडे वाळत घालायचा स्टँड हात लावला की कोसळतो. तो कोसळला की मुली एकमेकींवर ढकलतात. काल दोघी रडल्या. बांधणी पक्की कशी होईल आणि मुली मिळून काम कशा करतील, दोन्ही सांगा. पुस्तक समोर उघडे आहे, तेव्हा पुस्तक वाचा असे कृपया कुणी सांगू नका.

दोरखंड: दोर कसला? बांबू ओला की वाळलेला? बांधणी कुठली?

डिचोलीकरीण: दोर साधाच. स्क्वेअर लॅशिंग, म्हणजे उभी-आडवी काठी काटकोनात जखडायची बांधणी करतो. बांबू शाळेच्या मागचाच.

दोरखंड: साधा म्हणजे दुकानात मिळतो तो निळा, चकचकीत नायलॉनचा? आणि बांबू आत्ताच तोडलेला?

डिचोलीकरीण: हो, निळा. बांबू गेल्या आठवड्यात तोडून घेतला.

दोरखंड: मग अर्धे उत्तर तिथेच आहे. हा दोर गुळगुळीत, बांबूची सालही गुळगुळीत, वर दोर ताणला की लांबतो. कितीही आवळा, सरकणारच. सुती दोर घ्या, साधारण करंगळीच्या निम्म्या जाडीचा. ओला बांबू वाळताना आकसतो, म्हणून सकाळी घट्ट असलेली बांधणी दुसऱ्या दिवशी ढिली. मिळाला तर वाळलेला माणगा बांबू आणा. तो जवळजवळ भरीव असतो, चिरडत नाही.

आता बांधणी. उभ्या काठीला, आडव्याच्या खाली क्लोव्ह हिच गाठ. मग दोन्ही काठ्यांभोवती तीन वेढे, प्रत्येक वेढा ओढून. त्यानंतर दोन काठ्यांच्या मधून, आधीच्या वेढ्यांवरून, दोन आवळवेढे. शेवट आडव्या काठीवर क्लोव्ह हिच. मुली आवळवेढे घेतात का? बहुतेक ठिकाणी तेच राहून जातात आणि सगळी ताकद त्यांच्यातच असते.

सह्यवेडा: नायलॉनला उगाच बदनाम करू नका. आम्ही कडे चढतो तो दोर नायलॉनचाच असतो.

दोरखंड: तो आत गाभा आणि वर विणलेले आवरण असलेला, झटका सोसण्यासाठी ताणला जाणारा दोर. माणसाला वाचवायला ताण हवाच. काठ्या जखडायला ताण नको. दोन्ही कामे वेगळी.

सह्यवेडा: बरे. पण दोरापेक्षा सराव महत्त्वाचा. मुलींना डोळ्यांवर पट्टी बांधून गाठी मारायला लावा. अंधारात तंबूचा दोर सुटला तर तेच उपयोगी पडते.

कुळागरवाला: बाई, दुकानाच्या दोरावर एवढी चर्चा कशाला? प्रत्येक मुलीच्या घरी चतुर्थीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात. नारळ, सुपारीचे शिपटे, रानातली फळे, एवढे वजन लाकडी चौकटीला दिवसेंदिवस लटकते आणि एक गाठ सुटत नाही. आमच्याकडे अजून केवणीच्या सालीचे दोर काढतात. घरातल्या आजोबांना किंवा काकांना एक दिवस शाळेत बोलवा. ते गाठीचे नाव सांगणार नाहीत, पण हात बघून मुली शिकतील.

डिचोलीकरीण: ही कल्पना आवडली. आवळवेढे मुली घेतात, पण वरच्यावर गुंडाळतात, मधून नाही. आता दुसऱ्या प्रश्नाचे कुणी सांगेल का?

पुणेरी माहेर: सुट्टीत मुलींना पुण्याला ‘संगम’ला घेऊन जा. गाइडचे जागतिक केंद्र आहे, 1966 पासून. परदेशी मुली भेटतात, विचार मोठे होतात. माझी भाची जाऊन आली.

डिचोलीकरीण: ताई, शिबिर पुढच्या आठवड्यात आहे.

उसगावचा मास्तर: मुली किती, कितवीच्या, गट किती आणि लीडर कुणी निवडल्या? हे कळल्याशिवाय भांडणाचे औषध कसे देणार?

डिचोलीकरीण: एकवीस मुली, सहावी ते आठवी. तीन गट. वर्गात पहिल्या येणाऱ्या तिघी लीडर, तसे वरून ठरले. गट मात्र दर शनिवारी चिठ्ठ्या टाकून बदलतात, म्हणजे पक्षपात नको.

उसगावचा मास्तर: सगळे दुखणे या शेवटच्या वाक्यात आहे. गाइडमध्ये पेट्रोल, म्हणजे गट, सहा ते आठ जणींचे असते आणि ते टिकते. नाव, झेंडी, आरोळी, जागा, सगळे त्यांचे. दर शनिवारी नवीन मुली आल्या तर कुणाचा हात पक्का आणि कोण घाबरते हे लीडरला कधी कळणार? स्टँड पडल्यावर ती दुसरीवर ढकलते, कारण पुढच्या शनिवारी ती दुसरी तिच्या गटात नसणारच.

डिचोलीकरीण: मास्तर, चिठ्ठ्या टाकल्या नाहीत तर मैत्रिणी मैत्रिणी एकत्र येतात आणि तीन मुली कुणालाच नको असतात. त्यांचे चेहरे मी रोज बघते. ते मला चालणार नाही.

उसगावचा मास्तर: चालूच नये. पण त्याला उपाय आहे. सगळ्यांसमोर निवड करू नका. तिघी लीडरांना तुमच्यासोबत दार लावून बसवा आणि एकवीस नावे त्यांच्याकडूनच वाटून घ्या. त्या तीन मुली तीन वेगळ्या गटांत जातील आणि प्रत्येकीबरोबर तिच्याशी बोलणारी निदान एक मुलगी असेल, ही अट आधीच सांगा. कोण कितवी निवडली गेली हे बाहेर कुणाला कळता कामा नये. पुढचे वादही याच बैठकीत सोडवा. कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात ते हेच.

निवृत्त टीचर: मला वाटते पहिल्या नंबरची मुलगी लीडर करणेच चुकीचे. तिला स्वतः करून टाकायची सवय असते. माझ्या पथकातली उत्तम लीडर कायम मागच्या बाकावरची असायची.

उसगावचा मास्तर: आठवड्यावर शिबिर असताना लीडर बदलली तर मुलीचा अपमान होईल. त्यापेक्षा नियम करा: शिबिरात लीडरने दोराला हात लावायचा नाही, फक्त बोलायचे. एक धरेल, एक बांधेल, एक ताण तपासेल, आणि दुसऱ्या स्टँडला कामे बदलतील.

म्हादईकाठ: शिबिर कुठे आहे हे अजून कुणी विचारलेच नाही.

डिचोलीकरीण: सत्तरीत, एका पालकांच्या काजूच्या बागायतीत. घर आणि विहीर जवळ आहे.

म्हादईकाठ: बाई, जानेवारी चालू आहे. सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत आणि तो गोचिडीच्या चाव्याने होतो. डिसेंबर ते मे हाच तिचा जोर, आणि काजूखालचा पाचोळा ही तिची जागा. मुलींना पाचोळ्यावर बसवू नका. पूर्ण पँट मोज्यात खोचलेली, पूर्ण बाह्या, उघड्या त्वचेला गोचीडरोधक तेल. वाळपईच्या आरोग्य केंद्रात आधी चौकशी करा. मेलेले माकड दिसले तर जवळ जायचे नाही, कळवायचे.

सह्यवेडा: एवढे घाबरवलेत तर मुली घराबाहेरच पडणार नाहीत.

म्हादईकाठ: घाबरवत नाही. गाइडचा तयार राहण्याचा धडा यापेक्षा वेगळा काय असतो? उलट, प्रत्येक गटात एकीला दर दोन तासांनी सगळ्यांचे कपडे तपासायचे काम द्या. नंतर कुणाला ताप आलाच तर डॉक्टरांना बागायतीत गेलो होतो हे सांगायचे.

डिचोलीकरीण: गोचिडीचे माझ्या ध्यानीमनी नव्हते, मनापासून आभार. पालकांशी बोलले. बागायतीऐवजी त्यांच्या घरापुढच्या सारवलेल्या खळ्यात शिबिर घेते. सुती दोर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बघते. माटोळीवाले आजोबा यायला तयार आहेत. तिघी लीडरांना उद्या मधल्या सुट्टीत बोलावले आहे.

कुळागरवाला: आजोबांना आधी चहा द्या, मग दोर. आणि डावरी मुलगी असली तर तिला त्यांच्या समोर बसवा, बाजूला नको. आरशात दिसते तसे दिसेल आणि हात गोंधळणार नाही.

पुणेरी माहेर: गाइडच्या आधीच्या, लहान मुलींच्या बुलबुलसाठी वय किती लागते? धाकटी सात वर्षांची आहे.