राजकीय कैद्याच्या घरच्यांवर डॉक्युमेंट्री: कॅमेरा मी करणार आहे, काय सांभाळू?

पनवेलकर_कॅमेरा
माझं रोजचं काम लग्न-बारशांचं. ओळखीतल्या काही मुलांना यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली तळोजा जेलमध्ये असलेल्या एका कच्च्या कैद्याच्या घरच्यांवर डॉक्युमेंट्री करायची आहे. पैसे घेणार नाही हे मी आधीच सांगून टाकलंय. (बायकोच्या मते ही नसती उठाठेव.) जेलच्या गेटवर शूट करता येतं का? त्या घरातली मुलगी दहावीत आहे, तिला घ्यावं का? कैद्याची आई रडायला लागली तर कॅमेरा चालू ठेवायचा?

साऊंडवाली
गेटचं नाव काढू नका. तुम्ही शूट करून निघून जाल, पण पुढच्या मुलाकातीला त्याच शिपायापुढे त्या माउलीला उभं राहायचंय.

अशाच एका घरात मी साऊंड केला होता. सगळ्यात बोलकं फुटेज मिळालं मुलाकातीच्या आदल्या रात्रीचं. आई पिशवी भरत होती, पुन्हा उपसत होती. बनियन, टॉवेल, एक पुस्तक. पुस्तकात चुकून राहिलेली बसची तिकिटं काढण्यासाठी तिने पान न् पान झटकलं. आत काय घेतील आणि काय परत करतील, याचा नेम नसतो. एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी गौतम नवलखांचा घरून पोस्टाने पाठवलेला चष्मा तळोज्यात घेतला नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये हायकोर्टाला म्हणावं लागलं की जेल अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्यायची वेळ आली आहे. त्याच प्रकरणातल्या स्टॅन स्वामींना पार्किन्सन, ग्लास हातात धरवेना, तर स्ट्रॉ-सिपरसाठी कोर्टात अर्ज. म्हणून सांगते, प्रश्न कमी विचारा आणि ती पिशवी नीट शूट करा.

केसबद्दल तर अवाक्षर नको. खटला चालू असताना आई भावनेच्या भरात काय बोलून जाईल, सांगता येत नाही. उद्या जामीन झालाच, तर त्याच्या अटीही बघाव्या लागतील. त्याच प्रकरणातल्या वरवरा रावांना २०२१ मध्ये वैद्यकीय जामीन देताना, खटल्याबद्दल मीडियात बोलायचं नाही, ही अट होतीच.

सडेतोड
दहशतवादाच्या आरोपींना हिरो करायची हौस कशाला?

साऊंडवाली
आरोपीच आहे ना, शिक्षा कुठे झालीय? आणि आम्ही बोलतोय त्याच्या आईच्या पिशवीबद्दल.

कोर्टाची_पायरी
वेळेचा अंदाज आधी घ्या. यूएपीएच्या कलम ४३ड(५) मुळे आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले तरी जामीन अडतो. एल्गार परिषद प्रकरणातच व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरांना ऑगस्ट २०१८ मध्ये अटक झाली, सुप्रीम कोर्टाकडून जामीन मिळाला जुलै २०२३ मध्ये. शूटिंग संपेपर्यंत ती दहावीतली मुलगी कॉलेजात गेलेली असेल. पालकांची लेखी संमती घ्याच, पण शाळेत कोणाला काय माहीत आहे ते तिलाच विचारा. तिने नको म्हटलं की विषय संपला. रफ कट (फिल्मचं पहिलं कच्चं संकलन) त्यांच्या वकिलाला दाखवा. फुटेज त्या घरात ठेवू नका. झडतीत हार्ड डिस्क आधी उचलतात.

पनवेलकर_कॅमेरा
पटलं. रविवारी कॅमेरा न घेता नुसता चहाला जाऊन येतो. आणि ते रडण्याचं?

साऊंडवाली
बंद करा. चालू ठेवायचा असेल तर त्या स्वतः सांगतील, आम्हाला तसं सांगितलं होतं. अजून एक, जेलमधून त्याचा फोन आला तर लेपल (कपड्याला लावलेला छोटा माइक) काढून ठेवा. तो कॉल रेकॉर्ड केल्याचं कळलं आणि फोनची सवलत गेली, तर भोगायचं त्याला आहे.